ज्वारीच्या दाण्याएवढी

"गाठ नाहीये, मावशी," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं हातमोजे काढून डब्यात टाकले.

सुंदरम्मानं मान हलवली, पण टेबलावरच्या कुत्रीला खाली घेतलं नाही. कुत्रीचं नाव चिन्नी. वय बारा, अंग तांबूस, तोंडाभोवतीचे केस पांढरे. एवढ्या उंचावर उभं राहायची सवय नसल्यानं तिचे चारही पाय खुंटीसारखे ताठ झाले होते.

उत्कर्षाला जनावरांची डॉक्टर होऊन आठ महिने झाले होते. तपासताना तिनं काही सोडलं नव्हतं. डोळ्यांत निळसर झाक होती, पण ती वयाची, मोतीबिंदू नव्हे. दातांवर किटण. हृदयाचे ठोके स्वच्छ. मागचे सांधे थोडे आखडलेले. शेवटी पोटाखालच्या स्तनग्रंथी, दोन रांगांत पाच-पाच, तिनं एकेक करून दाबून पाहिल्या होत्या. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन चिन्नीचं कधी झालं नव्हतं, आणि अशा म्हाताऱ्या मादीत त्या पाहाव्याच लागतात. सगळीकडं मऊ चरबीच लागली होती.

"हाय," सुंदरम्मा म्हणाली. "डावीकडं. मागून दुसऱ्या थानाजवळ. ज्वारीच्या दाण्याएवढी."

दाराशी रिक्षाची किल्ली बोटात फिरवत चांदसाब उभा होता. तोच दोघींना घेऊन आला होता. "मौशी, बारा वर्सांची झाली ती. आता गाठी येणार, केस गळणार. माणसाचं काय येगळं हाय का?"

"तुजे केस गळाले," सुंदरम्मा वळूनही न बघता म्हणाली, "जीब कुटं गळाली?"

उत्कर्षाला हसू आलं. मग ती म्हणाली, "असं करू, महिनाभरानं परत आणा. वाढली तर हाताला लागेलच."

आणि बोलता बोलताच तिला स्वतःचे शब्द खटकले. वाढायची वाट बघायची? अशी गाठ खरंच असली आणि दाण्याएवढी असताना काढली तर कुत्री आणखी चार वर्षं जगू शकते. लिंबाएवढी झाल्यावर काढली तर कदाचित चार महिनेही नाही. हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं.

तिनं नवे हातमोजे घेतले.

"ते रबर ऱ्हाऊ दे," सुंदरम्मा म्हणाली. "आणि हिला उबं करून काय बघती? चादर मागावर ताणलेली असताना कुणी तपासतंय का? उतरवून सैल अंथरायची, मग हात फिरवायचा."

"तुम्ही चादरी तपासता?"

"एकतीस वर्सं. चूक रंगात लपती, डोळ्याला दिसत न्हाय. हाताला लपत न्हाय." तिनं चिन्नीच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत आडवं व्हायला सांगितलं. "पडुको, चिन्नी. पडुको अम्मा."

चिन्नी कुशीवर झोपली. एक लांब श्वास सोडला. पोट ढिलं पडलं.

सुंदरम्मानं उत्कर्षाचा हात मनगटाशी धरला आणि तळवा पोटावर ठेवला. "दाबू नको. दाबलं की सरकती. नुसता फिरव. आपण काय तरी हुडकतोय, हे हाताला कळू द्यायचं न्हाय."

उत्कर्षानं डोळे मिटले. ऊब. मऊ. मऊ. मग बोटाखालून काहीतरी बारीक, टणक, गोल निसटलं.

ती थांबली. बोट मागं आणलं. होतं.

मघाशी दाबून बघताना आपण बहुतेक याच दाण्याला बाजूला सारलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. तिचे कान गरम झाले. पण त्याहून जास्त तिला त्या खरखरीत, नखं झिजलेल्या हाताकडं बघावंसं वाटत होतं.

"कधी लागली ही तुम्हाला?"

"परवा. रोज हात फिरवती मी हिच्यावर. आजार बघायला न्हाय. तिला बरं वाटतं म्हणून."

"काढावी लागेल. काढून तपासायला पाठवायची. आधी रक्त बघू आणि छातीचा एक्स-रे."

"भूल सोसंल का?"

"मूत्रपिंडं चांगली असली तर सोसेल. नुसतं वय झालं म्हणून मी नाही म्हणणार नाही."



सुंदरम्माचा हात अजून पोटावरच होता. "चादरीत एक गाठ घावली की आमी तितं थांबत न्हाय. त्यो धागा फुडं कुटवर वढलाय, ते बघतो."

उत्कर्षानं चमकून वर पाहिलं. ती आता तेच सांगणार होती. "इथून मांडीच्या खळग्यात जातो," ती हळूच म्हणाली. "पसरली असेल तर पुढची गाठ पहिली तिथं लागेल."

"आणि लागली तर?"

"तर मग अवघड आहे, मावशी."

चांदसाबच्या बोटातली किल्ली थांबली.

"तुम्ही बघा आधी," उत्कर्षा म्हणाली.

सुंदरम्मानं पदराला हात पुसला. डोळे मिटले. तळवा दाण्यावरून निघाला, पोटाच्या कडेनं मागं सरकला, मांडीच्या आत खळग्यात उतरला, तिथं एक फेरी मारली, मग दुसरी, आणि कुठंही न अडखळता बाहेर आला.

"न्हाय," ती म्हणाली. डोळे उघडले, तेव्हा ते ओले होते. लगेच तिनं बाजूला सरकून जागा करून दिली.

"आता तू फिरव, पोरी. दोघींच्या हातांखालनं गेल्याबिगर आमी चादरीची घडी घालत न्हाय."