दोन गाठी

"घरमा एक बी गाठ ठेवानी नही," धनुबाई सुईण म्हणाली.

सकाळपासून रमिला कळा देत होती आणि बाळ पुढे सरकत नव्हतं. मग बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून घरातल्या गाठी सुटू लागल्या. तिच्या बापाने, रूपचंदने, गोठ्यातली दावी सोडली. बैल कळसाडी गावच्या गल्लीतून वाट फुटेल तिकडे गेले. कापसाच्या गोण्यांची तोंडं मोकळी झाली. आईने, जमनाबाईने, लेकीची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडाही सोडला.

धनुबाईचा हात रमिलाच्या मांडीशी थांबला. दोन्ही पायांना बोटांपासून वरपर्यंत ताणून बसणारी डॉक्टरी पट्टी गुंडाळलेली होती आणि वर एकेक गाठ.

"ह्या?"

"त्या ऱ्हाऊ दे," जमनाबाई म्हणाली. " डागदरनी सांगेल शे. बाळंतपणमा बी सोडानी नही."

"बाळंतपण डागदर करी ऱ्हायना का मी?"

जमनाबाईने गाठीवर हात ठेवला. तिची थोरली लेक वत्सला याच खोलीत बाळंत झाली होती. मग तिचा पाय सुजला. एका सकाळी ती पाणी प्यायला उठली, छातीला हात लावला आणि कोसळली ती कायमचीच. पायातली रक्ताची गुठळी वर चढली, असं धुळ्याचे डॉक्टर नंतर म्हणाले. धाकटीच्या पोटऱ्यांवरही तशाच निळ्या शिरा दिसल्या, तेव्हा त्यांनीच ही पट्टी दिली. पाय आवळलेले राहिले तर रक्त साचणार नाही.

"माय, सोडू नको," रमिला म्हणाली. पुढची कळ आली आणि ती ओरडली, "सोड, माय! सोडी दे!"

"लेकरू गुदमरी जाई, जमना," धनुबाई हळूच म्हणाली.

जमनाबाई लेकीच्या मागे बसली, तिला पोटाशी धरलं. एक गाठ सोडली. मग दुसरी. पट्ट्या सैल पडायच्या आत तिने दोन्हींची टोकं दोन मुठींत ओढून धरली.

"आते गाठ नही," ती म्हणाली.

बाळ रडलं तेव्हा ऊन कुडावर चढलं होतं. वार पडायची अजून बाकी होती; तोवर गाठ मारायची नव्हती. धनुबाईने बाळ पुसलं, फडक्यात घेतलं आणि पहिल्यांदाच हसली.

"ले, जमना. नात शे. थेट वत्सला!"

जमनाबाई बघत राहिली. पट्ट्यांची टोकं धरलेल्या तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

"ले ना वं!"

"मन्हा हात मोकळा नहीत," ती म्हणाली.