ह्यांचं नाव

"काकू, नावाने हाक मारा त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "कधीकधी सगळं विसरलेला माणूसही स्वतःच्या नावाला ओ देतो."

ह्यांच्या मांडीवर त्यांनीच लिहिलेलं जाडजूड पुस्तक होतं, 'नाव' या एवढ्याशा शब्दावरचं. लॅटिनमध्ये नोमेन, जर्मनमध्ये नामे, फ्रेंचमध्ये नों, सगळी आपल्या नावाचीच भावंडं, असं हे जेवता जेवता सांगायचे. आमटी गार व्हायची. आता तीच पानं नुसती उलटत बसले होते.

नावाने हाक, आणि मी? लग्नापासून मी 'अहो'च म्हणत आलेय. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही चार बायकांत. "एकदा हाक मार की नावाने, आभाळ नाही कोसळत," असं हे चिडवायचे, आणि मी उठून स्वयंपाकघरात जायची.

मी ह्यांचा हात धरला. "त्र्यंबक," म्हटलं. मग जरा मोठ्याने, "त्र्यंबक!"

पानं उलटणं थांबलं. ह्यांनी मान वर केली. मला वाटलं, जमलं.

हे दाराकडे बघत राहिले. मग अदबीने मला म्हणाले, "बाई, कोणाला तरी बाहेर ताटकळत ठेवलंय तुम्ही. आत बोलवा की त्यांना."