आवाजाची जागा

चितेला तिसरा फेरा घालून परागनं खांद्यावरचं मडकं मागे टाकून फोडलं, तोंडावर उलटा हात ठेवला आणि वडिलांच्या, दिगंबररावांच्या, नावानं बोंब मारली. हेमलताबाईंना लेकाचं नुसतं उघडलेलं तोंड दिसलं. आभाळातून कोसळणाऱ्या घरघरीत त्याचा आवाज बुडून गेला.

"हे काय चाललंय?" स्मशानातल्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं.

"टॉवरांच्या गच्चीवरचे एसीचे पंखे, बाई!" तोही ओरडूनच बोलला. "आवाज मिटवता येत नाही म्हणे, पण पाहिजे तिथं पाठवता येतो. कुणी खांबेटे या आवाजाविरुद्ध कोर्टात गेले नि जिंकले. तेव्हापासून अख्ख्या शहराचा आवाज इथं सोडतात. इथं तक्रार कोण करणार? एकदा गाठ पडू दे त्या खांबेट्यांची!"

हेमलताबाई चितेकडे बघत राहिल्या. निकालानंतर दिगंबररावांनी घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. "ऐक, किती शांत आहे!" म्हणाले होते. तो आवाज गेला कुठे, हे घरात कुणीच विचारलं नव्हतं.

"आलेत ते आज," त्या म्हणाल्या.

शेजारी उभ्या त्या माणसालासुद्धा ते ऐकू गेलं नाही.