तिसरा दिवा

"बाकावर उजेड पाडून काय उपयोग? बसायला कुणाला उजेड लागतो?"

सासरे पुटपुटले ते जेवणाच्या टेबलाशी, पण ताटाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. अर्धं टेबल सुनेच्या पुठ्ठ्याच्या रस्त्यानं अडवलं होतं. त्यावर बोटभर उंचीचा बसस्टॉप आणि त्याच्या छताखाली आगकाड्यांचे दोन दिवे. आठवडाभर घरातले सगळे उरलेल्या अर्ध्यात कोपरं आवळून जेवत होते.

"लागतो ना, बाबा. लोक फोन बघतात, वाचतात," सून म्हणाली.

"ते शेडखाली. बस दिसली की माणूस शेडखाली थांबतो का? दोन पावलं पुढं येतो, हात करतो. तिथं काय आहे तुझ्या चित्रात?"

तिनं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. सात महिने ती हा आराखडा करत होती, आणि तिथं काहीच नव्हतं.

सासऱ्यांनी मान वाकवली, गाल पुठ्ठ्याच्या रस्त्याला टेकवला, एक डोळा मिटला आणि बस येते त्या बाजूनं स्टॉपकडे बघत राहिले. खेळण्यातली मोटार ढकलणारं पोर असंच बघतं. तिला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. तो अर्धं ताट तसंच उचलून आत गेला.

वीस वर्षांपूर्वी याच स्टॉपसमोर तिच्या सासूबाईंना गाडीनं उडवलं होतं. तेव्हा ना शेड होती, ना दिवा. तिला माहीत होतं ते एवढंच. लग्नानंतर एकदा तिनं विचारलं होतं, "गाडीवाला सापडला का?" नवऱ्यानं घडी घातलेला टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाला, "बाबांसमोर हा विषय काढू नकोस."

तिनं काढला नाही. महापालिकेच्या ऑफिसात नव्या बसस्टॉपांची कामं वाटली गेली, तेव्हा हा रस्ता मात्र भांडून मागून घेतला.

सासरे बस डेपोतून निवृत्त झाले होते, सुट्या भागांच्या खिडकीवरून. पण त्यांना बसमध्ये चढताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुठंही जायचं तर चालत.

तिनं तिसरा दिवा घातला. छताच्या बाहेर, फुटपाथच्या कडेवर. तिथं घोडं अडलं. छतावरच्या सौर पॅनेलची बॅटरी ढगाळ हवेत तीन दिवस पुरली पाहिजे, असा नियम होता. तिसऱ्या दिव्यानं ती दोनच दिवस पुरायची. तिनं आतले दिवे मंद केले, माणूस पुढं आला तरच तिसरा दिवा लख्ख होईल अशी सोय केली. अडीच दिवस. त्यापुढं आकडा हलेना. ऑफिसात त्याला 'सासरेबुवांचा दिवा' म्हणू लागले. ती चहा करायला उठायची आणि गॅस न पेटवताच परत टेबलाशी यायची.

चाचणीच्या संध्याकाळी रस्त्याचा तेवढा तुकडा बंद ठेवला होता. खरीखुरी शेड उभी होती, जुन्या प्लॅस्टिकच्या फळ्यांचा बाक, डोक्यावर पॅनेल. सासरे चालत आले. हातात स्वयंपाकघरातलं उंच स्टूल. भर रस्त्यात ते मांडून वर चढले.

"बाबा, पडाल!"

"पडत नाही. एवढीच उंची लागते."

नवरा धावत आला आणि स्टूल धरून उभा राहिला. त्यानं मान वर केली नाही.

मुख्य अभियंत्यांनी बाकावर बसून पाहिलं, फळी ठोकून पाहिली. "झकास आहे, मॅडम. फक्त तो तिसरा दिवा काढून टाका. तीन दिवसांचा प्रश्नच मिटतो."

"साहेब, पुढं आलेला माणूस ड्रायव्हरला दिसायला हवा."

"अहो, बसला हेडलाइट कशाला असतात मग? शोभेला?"

भोवतालचे सगळे हसले. साहेबांनी नकाशा मांडीवर पसरला आणि पेनचं टोपण काढलं.

"बाबा, चला घरी," नवरा घाईघाईनं म्हणाला. "चला ना."

सासरे उतरले नाहीत. तिथूनच ते शेडच्या कडेकडे बघत होते.

"त्या संध्याकाळी माझ्या बसचे दोन्ही हेडलाइट चालू होते, साहेब. बायको हात करत होती म्हणे. मला दिसली नाही."