डाव्या बाजूचे तीन नट

"हात लावू नका अजून. आधी नीट बघून घ्या," मास्तर म्हणाले, आणि नव्या कोटावरचा कागद काढावा तसं त्यांनी दांड्यावरचं पोतं अलगद काढलं.

जावयाने पाहिलं. दोन हात लांबीचा लोखंडी दांडा. दोन्ही टोकांना चपट्या चकत्या, प्रत्येक चकतीला तीन भोकं. भंगारवाल्याकडून उचललेला. वस्तू जुनी, पण काळा रंग इतका ताजा की नाकात वास बसत होता.

"बॉनेटखाली हा आडवा बसतो. पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरची डोकी एकमेकांना बांधून टाकतो. मग वळणावर गाडीचं अंग हलत नाही. तुम्हीच म्हणत होता ना, गाडी डावीकडे ओढते?"

"म्हणजे... थोडीशी."

"मी चालवत होतो तोवर बाणासारखी जायची हो."



गाडी लाल, बुटकी, दोन दारांची. वयाने जावयाच्या बरोबरीची. मास्तर जन्मभर कोट शिवत आलेले. एका शौकीन गिऱ्हाइकाने देश सोडताना ती त्यांच्या गळ्यात मारली आणि मास्तरांनी ती तिसऱ्या मुलीसारखी सांभाळली. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी अचानक चावी धाकट्या जावयाच्या हातात ठेवली. डोळ्यांना झेपत नाही, म्हणाले. वापरा. वर्षभर नीट ठेवलीत तर नावावर करून देईन. ठोकलीत तर थोरल्याकडे जाईल. ते वर्ष आज भरत होतं.

थोरला म्हणजे याचा साडू. त्याने लाल गाडीला शोभेल असा गॉगल आधीच घेऊन ठेवला होता, आणि दर भेटीत तो पुसायचा.

आणि याने गाडी ठोकली होती. मागच्याच महिन्यात, ज्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा तिच्याच फाटकाला. डेंटिंगवाल्याने बंपर सरळ केला, रंग मारला, मग बॉनेटमध्ये वाकून बघत म्हणाला, "साहेब, वरून नवरीसारखी नटवलीय. पण आतून अंग बोटभर दबलंय. ते काही निघायचं नाही." जावयाने हे फक्त बायकोला सांगितलं होतं.

"घ्या पान्हा," मास्तर म्हणाले.

"बाबा, जुना माल आहे. भोकं जुळतीलच असं नाही."

"का नाही जुळणार? याच जातीच्या गाडीचा आहे. अंग सरळ असेल तर बसेल. नाही बसला, तर समजायचं हिने कुठेतरी मार खाल्लाय."

"लांबी थोडी कमीजास्त करता येत असेल ना याची?"

"छे! एकसंध आहे." मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली. "आणि ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर कुणाच्या अंगावर काही चढवलेलं नाही."

जावयाने दोन्हीकडचे नट काढले. उजवी चकती बोल्टांवर ठेवली. ती निमूट बसली. आता डावी.

"आधी चहा घेऊ या का, बाबा?"

"चहा बसल्यावर." मास्तर किंचित थांबले. "किंवा न बसल्यावर."

जावयाने डोळे मिटले आणि दांडा दाबला.

खट्.

डोळे उघडले तेव्हा काजांतून बटणं निघावीत तसे तिन्ही बोल्ट तीन भोकांतून वर आले होते. डेंटिंगवाल्याच्या सात पिढ्यांची अक्कल त्याने मनातल्या मनात काढली.

"एकदम आवळू नका. आधी सगळे बोटांनी, मग आळीपाळीने पान्हा."

डाव्या बाजूचा शेवटचा नट आवळला आणि जावयाला कंठ फुटला. "बघा! एक सूत इकडे नाही की तिकडे! काय गाडी ठेवली होतीत हो बाबा तुम्ही!"

"मी कसली? ठेवलीत ती तुम्ही," मास्तर म्हणाले.



मास्तरांनी बॉनेट लावलं, त्यावरच कागद पसरला आणि गाडी जावयाच्या नावावर करून देणारी सही ठोकली. जावयाने चहा उभ्याउभ्याच घेतला, जीभ भाजून घेतली, आणि कुणाचं मन बदलायच्या आत गाडी काढली. कोपऱ्यावर ती पूर्वीसारखीच जराशी डावीकडे ओढली. त्याने हॉर्न वाजवून ते साजरं केलं.

मास्तर आत आले. सासूबाई खिडकीशी बसून कोटाला बटणं लावत होत्या.

"बसला का हो दांडा?"

"न बसून जातो कुठे? बोटभर आखूड करून आणला होता. कापला, जोड मारला, वरून रंग दिला. माप माझं. चुकेल कसं?"

सासूबाईंची सुई थांबली. चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं तर! आणि मी मेली महिनाभर जीव मुठीत धरून बसले होते. तुम्हाला कळलं की घर डोक्यावर घ्याल, असं वाटत होतं. पोरगी रडत सांगून गेली, त्यांनी शाळेच्या फाटकाला गाडी ठोकलीय, बाबांना बोलू नकोस म्हणून. आणि तुम्ही मुकाट्याने दांडाच कापून आणलात. मोठ्या मनाचे हो तुम्ही!"

गळ्यातली टेप खिळ्याला अडकवायला उचललेला मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला.

"त्यानेही ठोकली?"