कड्यावरचं घर

"आई, तू दगड रचलेस? कुठे?"

अर्धा तास थांबूनही मागून येणारे बाबा दिसत नव्हते. या वाळवंटी दरीत मळलेली वाट नव्हतीच. उघड्या खडकावर वाट दाखवायला एकावर एक रचलेले दगड शोधत पुढे जायचं, मोठा फेरा मारून संध्याकाळी गाडीपाशी परतायचं.

"मघाशी, बाबा मागे होते तेव्हा, सावलीत बसलो ना, तिथं," आई म्हणाली. "आपल्याकडे देवीच्या डोंगरावर रचतात तसे. भाड्याचं सुटून तुझं इथं परदेशात स्वतःचं घर व्हावं म्हणून."

ती सावली वाट सोडून, कड्याच्या टोकाशी होती. रचलेले दगड दिसले की बाबा तिकडेच वळणार. आम्ही हाका मारत मागे पळालो. समोरच्या लाल भिंतीवरून आमच्याच हाका परत येत होत्या.

बाबा कड्यापासून हातभर अलीकडे, त्या दगडांशेजारी बसले होते.

"पुढे पाऊल टाकणार होतो," ते आईला म्हणाले. "तेवढ्यात वरचे दोन दगड छपरासारखे टेकवलेले दिसले. म्हटलं, ही वाटेची खूण नव्हे, हे तू मांडलेलं घर."

आईने खाली बसून एकेक दगड काढला.

"भाड्याचंच बरं आहे," ती मला म्हणाली.