शेगडीमागची भिंत

"ही काढ," नागुबाई म्हणाली.

व्यंकटी मिस्त्रीने थापी खाली ठेवली. नव्या शेगडीच्या मागे टाइलच्या तीन ओळी लागल्या होत्या. म्हातारीचं बोट दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या टाइलवर होतं.

"काय झालं हिला, मावशी?"

"फुलानं खाली मान घातलीय."

"चारी बाजूनं सारखंच फूल हाय ते."

"तुला सारखं दिसायलंय. हितं सैपाक मला करायचाय."

व्यंकटीने टाइल काढली, फिरवली आणि होती तिथेच बसवली. फुलाने आता मान वर केली होती, किंवा केली नव्हती. नागुबाईचं समाधान झालं. हा शुक्रवार होता. बुधवारी सुरू केलेलं हे काम बुधवारीच संपणार होतं.

शनिवारी देवणीला जनावरांचं प्रदर्शन होतं आणि व्यंकटीचा वळू त्यात उतरणार होता. वळूचं नाव वजीर. गेल्या साली त्याचा दुसरा नंबर आला होता. पहिला आलेला वळू यंदा थकलाय हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, त्यामुळे यंदाच्या निकालाबद्दल व्यंकटीच्या मनात शंका नव्हती. अडचण एकच. कासरा व्यंकटीच्या हातात नसला, की वजीर भर रिंगणात बसकण मारायचा.

तरी व्यंकटी निघू शकत नव्हता. त्याने शब्द दिला होता. काम सांगणारा शिवशंकर पोलिसात होता. त्याने बंदोबस्ताला जाता जाता फोन केला होता. "शनिवारपर्यंत माझा फोन लागायचा न्हाई, मिस्त्री. शेगडी बसलीय, मागची भिंत तेवढी राहिलीय. आई घरी एकटीच असते. ती झालं म्हणेपर्यंत काम सोडून जायचं न्हाई. शब्द द्या." व्यंकटीने दिला. पोलिसाला शब्द देताना माणूस फार विचार करत नाही.

घर सापडायला वेळ लागला नव्हता. टाइलची खोकी भाड्याच्या टेम्पोत घालून तो किल्लारीत आला. भूकंपानंतर बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरांच्या ओळी सुरू झाल्या, तिथे त्याने टेम्पो थांबवला. "नवी शेगडी, म्हातारी एकटी, पोरगा बाहेर," एवढं विचारताच गिरणीवाल्याने पीठ झटकत हात केला होता.

"पोरानं पाठवलंय मावशी, भिंत करायला," व्यंकटी दारातच म्हणाला होता.

नागुबाई चौकट धरून उभी राहिली. "माझ्या पोरानं?"

"मग काय माझ्या? टाइलबी त्यानंच पसंत केल्यात."

तिने खोक्यावरून हात फिरवला. "त्याला कवापासून कळायलंय एवढं?" असं म्हणून ती आत गेली आणि इतका गोड चहा घेऊन आली, की व्यंकटीला तो घोटाघोटाने संपवावा लागला.

त्यानंतर तो अडकला. दुपारी नागुबाई गल्लीतल्या बायकांना भिंत दाखवायला घेऊन येई. "पोरानं करून दिली," एवढंच सांगे. बायका चार असत आणि मतं पाच. एकीला वरची पट्टी हिरवी हवी होती. दुसरीच्या मते फोडणी उडते म्हणून भिंत आणखी हातभर वर जायला पाहिजे. एकीने फुलांना नावं ठेवली, तेव्हा नागुबाई तिच्यावर इतकी खवळली, की ती चहा न घेताच गेली. बाकी सगळं मात्र नागुबाईला पटे. बायका गेल्या, की ती व्यंकटीला म्हणे, "काढ."

संध्याकाळी ती थापी आणि ओळंबा धुऊन ट्रंकेत ठेवी आणि कुलूप लावी.

"माझी हत्यारं हायत ती, मावशी."

"म्हणून तर. चोरीला गेली तर पोरगा मला बोलल. हात धू, भाकरी वाढलीय."

शुक्रवारी दुपारी बायकोचा फोन आला. "वजीरानं माझ्या भावाला गोठ्याबाहेर हाकललं. उद्या बाराला नोंदणी बंद होतीय. तुम्ही तिथं भिंत बांधायलाव का किल्ला?"

"आज सांधे भरतो. सकाळच्या जीपनं निघतो."

"म्हातारीला सांगा की, वळूचं हाय म्हणून."

व्यंकटीने सांगितलं. नागुबाईने नीट ऐकून घेतलं. "मुकं जनावर हाय, समजून घेतंय," ती म्हणाली. "ती कोपऱ्यातली काढ."

शनिवारी सकाळी सांधे वाळले. नागुबाईने ओल्या फडक्याने भिंत पुसली. मग तिने उभं राहून बघितलं, बसून बघितलं, दारात जाऊन तिथूनही बघितलं. व्यंकटी पिशवी खांद्याला लावून उभा होता. रस्त्यावर निलंग्याच्या जीपचा हॉर्न वाजला. ही जीप मिळाली, तर अकरापर्यंत वजीराचा कासरा त्याच्या हातात असणार होता.

"हाव," नागुबाई म्हणाली. "झालं."

तीन दिवसांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. तिने ट्रंक उघडून हत्यारं दिली. व्यंकटी तिच्या पाया पडला. त्यात आदर किती आणि सुटका किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शिवशंकरचं नाव दिसलं.

"पोराचा हाय का?" नागुबाईने विचारलं.

"हाव, त्याचाच."

तिने ओले हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर नीट घेतला आणि हात पुढे केला. "दे की मला. वरीस झालं त्याचा आवाज ऐकून."

"थांबा मावशी, झालं म्हणून सांगतो आधी," व्यंकटी म्हणाला आणि त्याने फोन कानाला लावला.

"काय मिस्त्री," तिकडून शिवशंकर बोलला, "शब्द देऊन आलाच न्हाईत की वो! माझी आई तीन दिवस झाले दारात खुर्ची टाकून बसलीय तुमची वाट बघत."